मराठीसाठी एक दाबा

कारध्याच्या गोदावरीबाईची म्हैस पहाटे व्याली आणि बसली ती उठेचना. बाईने जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावला, मराठीसाठी एक दाबला.

“माही म्हस उठूनच नाही राहिली जी. डाक्टर धाडा लवकर.”

“क्षमस्व. कृपया मराठीत बोला,” मशीन म्हणाली.

बाई ओरडून बोलली, सावकाश बोलली, शेवटी हात जोडून बोलली. मशीनचे उत्तर तेच. दुपारी नात गुड्डी शाळेतून आली. तिने धडा वाचावा तसे म्हटले, “माझी म्हैस उठत नाही. कृपया डॉक्टर पाठवा.” तक्रार लगेच नोंदली गेली.

डॉक्टरांनी येऊन म्हशीचे गार पडलेले कान चाचपले. “लई उशीर झाला वं माय. सकाळीच काहून नाही सांगतलं?”

“कोणत्या भाषेत सांगू, बापा?”