पंचफुलाबाईंची भांडी

पंचफुलाबाई गेल्यावर कॅम्प-१ वस्तीमधल्या घरात वाटून घेण्याजोगी उरली ती फक्त स्टीलची भांडी. वाटणीला लेक करिष्मा सासरहून, उतईहून आली. आपल्या सुनेला कोणी फसवू नये म्हणून सासू गिरजाबाईही पाठोपाठ आल्या.

“ज्याचं नाव कोरलं असंन, त्याचं भांडं,” भाऊ राजदीप म्हणाला.

“नावं कावून वाचतं दादा? दोन ढीग कर न,” करिष्मा घाईने म्हणाली.

“चूप! भोळी हाये माही सून,” गिरजाबाई कडाडल्या. “वाच बापू, एकेक वाच.”

राजदीपने चष्मा सारखा करून डबा उजेडात धरला आणि वाचलं.

सौ. गिरजाबाई मेश्राम, उतई.

परात धरली.

सौ. गिरजाबाई मेश्राम, उतई.

“अन् तू त म्हणत होती, कामवालीनं नेलं!” गिरजाबाई सुनेवर उसळल्या.

करिष्माला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. राजदीपने कळशी उचलली.

सौ. भागाबाई मेश्राम, उतई.

ही गिरजाबाईंची थोरली जाऊ. हरवलेल्या कळशीपायी तिने अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती.

“हे त आपल्याच घरच्या फळीवर होती न, आत्याबाई?” करिष्माने हळूच विचारलं.

“बापू,” गिरजाबाई राजदीपला म्हणाल्या, “चष्म्याचा नंबर वाढला तुहा. ठेव खाली.”