उलटी चाल

गुडघे धरले होते, उलटं चाललं की ते मोकळे होतात म्हणून म्हातारा मियाओ रोज सकाळी नदीकाठच्या बागेत उलटा चालायचा. आधी गुलाबवाटिका, मग बांबूवाटिका, शेवटी घाट. पूर्वी सोबतीला त्याचा मित्र बियान असे. एकानं उलटं चालायचं, दुसऱ्यानं मागची वाट सांगायची.

बियान त्याला चारचौघांत बदक म्हणून चिडवायचा. गेल्या वसंतात घाटाच्या कडेला मियाओ गोड आवाजात म्हणाला, "ये बिनधास्त, मागे मी आहे ना." बियान उलट्या पावलांनी आला आणि थेट नदीत गेला. प्रेतसुद्धा सापडलं नाही.

आज बांबूवाटिकेत पाठीमागून आवाज आला, "डावीकडे घे रे, बदका! दगड आहे."

दगड खरंच होता.

मियाओला वळून बघायचं होतं; पण मान वळेना, पाय थांबेनात. बांबू संपले, पायऱ्या लागल्या. टाचांना गार पाणी लागलं.

"ये बिनधास्त," आवाज अगदी कानाशी आला. "मागे मी आहे ना."