तळघराची खिडकी

घर विकायला काढलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, आधी तळघरातला रेडॉन मोजून द्या. जमिनीतून झिरपणारा हा किरणोत्सारी वायू बंद खोलीत साठतो म्हणे. मोजणीवाली मुलगी आली, तिने तळघराच्या मधोमध स्टुलावर यंत्र ठेवलं आणि बजावलं, "तीन दिवस खिडकी उघडायची नाही हं. उघडलीत की वायू निघून जाणार आणि मोजणी फुकट."

घरात काका आणि काकू, दोघंच. दोघांनीही शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

चौथ्या दिवशी मुलीने यंत्रातला आलेख उघडला आणि कपाळाला हात लावला. "यात दर तासाची नोंद असते. रोज दुपारी चारला वायू धपकन खाली आलाय. खिडकी कोण उघडत होतं?"

काकूंनी काकांकडे नुसतं पाहिलं. काकांचा चेहरा पडला.

"एकच ओढतो गं दिवसाला. वास राहू नये म्हणून जरा खिडकी..."

"अहो, सहा वर्षांपूर्वी सोडलीत ना सिगारेट? डॉक्टरांसमोर माझी शपथ घेतली होतीत!" काकूंचा आवाज चढला.

"थांबा ना काकू," मुलगी अजून आलेखातच डोकं घालून बसली होती. "रोज सकाळी अकरालाही खाली आलाय."

"अकराला तर मी बागेत फिरत असतो," काका म्हणाले.

काकू लगबगीने चहा टाकायला उठल्या.



"तरीच!" काका उडालेच. "मला वाटायचं, पाकिटातल्या मोजताना मीच चुकतोय!"