ठोक्यांची पत्रिका

कांदेपोह्यांच्या बशीशेजारी काचेची खोलगट चकती ठेवली होती. तिच्यात केतकीच्या हृदयाच्या स्नायुपेशी आणि तिला बघायला आलेल्या श्रीरंगच्या तंतुपेशी एकत्र वाढवल्या होत्या. हल्ली पत्रिका कोणी बघत नसे. ठोका जुळला की लग्न ठरे.

"आधी कशा उधळत होत्या हिच्या पेशी!" श्रीरंगची आई कौतुकाने म्हणाली. "आमच्या श्रीच्या पेशींनी त्यांच्यातली जास्तीची वीज ओढून घेतली, आता बघा कशा शहाण्यासारख्या चालल्यात."

केतकीने चकतीवरच्या भिंगाला डोळा लावला. चिकट, लांबट पेशी तिच्या पेशींना लगडून त्यांना ताणत होत्या.

"ह्यांच्या पेशी स्वतः धडधडतात?"

"छे गं! त्या फक्त धरून ठेवतात."

"मग उलटं करून पाहिलंत? ह्यांचा स्नायू, माझ्या तंतुपेशी?"

"अगंबाई, मुलाच्या काळजाला कोण हात लावतं!"

केतकीने चकती उचलली आणि श्रीरंगच्या पोह्यांवर पालथी केली.