दुसऱ्या भागातला राक्षस

सानगडीच्या मंडईसाठी, दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, गावकरी नाटकाचा दुसरा भाग बसवत होते. पहिल्या भागात मारलेला राक्षस परत उठतो, गाव गिळतो आणि म्हाताऱ्या झालेल्या राजपुत्राला पुन्हा तलवार उचलावी लागते. “मेलेल्याले कायले उठवता?” तालमीत राजपुत्राचं काम करणारा केवळराम चिडला. “गुडघे दुखतात माहे. दुसरा पाहा.” “लोकायले तुमीच पाह्यजे,” नाटक लिहिणारे मास्तर म्हणाले. केवळरामच्या हातून दरवर्षी मरणारा राक्षस म्हणजे त्याचा मित्र जागेश्वर. उन्हाळ्यात काविळीनं तो खरोखरच गेला. त्याच्या बायकोनं राक्षसाचा मुखवटा पुसून पाठवला होता. कपाळावर लाकडी तलवारीची जुनी खाच तशीच होती. तोच मुखवटा घालून नवा राक्षस समोर आला. वैतागून केलेला वार जोरातच बसला, राक्षस कोसळला. सवयीनं वाकून केवळरामनं हळूच विचारलं, “लागलं काय गा, जागेश्वर?” मुखवट्याच्या आतून आवाज आला, “नाही, काकाजी.”