तिसरं नाव

“आधी त्यांना खाऊ दे,” रॉमेल कुजबुजला. “भरल्या पोटी माणूस प्रश्न कमी विचारतो.”

आयझाने परीक्षकांपुढे पान्सितच्या शेवयांचे डबे मांडले. मावसबहिणीचा काळा कोट तिला ढगळ होत होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. आज प्रबंध मंजूर झाला तर यंदाच पदवी. नाही तर आणखी एक वर्ष. दुबईत लोकांची घरं पुसणाऱ्या आईला ते सांगायचं धाडस तिच्यात नव्हतं.

प्रबंध म्हणजे अकरा मिनिटांचा अॅनिमेशनपट. पुरात घराच्या पत्र्यावर अडकून पडलेली एक म्हातारी. चित्रं आयझाची, हालचाली रॉमेलच्या. आवाज जोव्हनकडे होते. मुखपृष्ठावर मात्र आता दोनच नावं उरली होती.

तिसरं त्यांनी रीतसर काढलं होतं, अर्ज करून, सह्या करून. तशी पद्धतच आहे. गटात एखादा आयतोबा निघाला की त्याला काढायचा आणि पुढे जायचं.

“नळाखाली बादली ठेवून पूर होत नाही,” असं जोव्हनला सुनावलं होतं ते आयझानेच. “खरं पाणी आण.”

“माझ्या गावाला पाण्याची काय कमी,” म्हणत तो हसला. वादळाची बातमी आली तसा तो कागायान नदीकाठच्या आपल्या गावी गेला. नंतर बेपत्ताच. वादळात वीज गेली, नेटवर्क गेलं, सगळं मान्य. पण अठरा दिवस? रॉमेलने रोज संदेश टाकले. सुरुवातीला काळजीचे, पुढे शिव्यांचे. जोव्हनने एकही उघडला नाही.

एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी, त्याच्या फोनवरून आयझाच्या फोल्डरमध्ये एक फाइल येऊन पडली. चाळीस मिनिटांचं पाणी. सोबत एक अक्षर नाही.

“फाइल पाठवायला नेटवर्क आहे,” रॉमेल भडकला, “आणि दोन शब्द लिहायला साहेबांची बोटं झिजतात.”

त्याच संध्याकाळी अर्ज गेला. जोव्हनला शेवटचा संदेशही गेला. ‘तुझं नाव काढलंय. चौदा तारखेला सकाळी दहाला परीक्षा आहे. तोंड दाखवू नकोस.’

आवाज मात्र त्यांनी ठेवला. इतका खरा होता की टाकवेना. गटाबाहेरच्याचं काम वापरलं तर प्रबंध रद्द होतो, म्हणून आयझाने तो आपल्या नावावर घेतला. अधूनमधून जोव्हनची बडबड होती, खालच्या सुरात, त्याच्या घरच्या बोलीत. ती तिला ओ की ठो कळत नव्हती. ध्वनिमुद्रण चालू असताना तोंड बंद ठेवावं एवढीही अक्कल नाही, असं पुटपुटत तिने ती बडबड तेवढी पुसली. मग मूळ फाइलही कायमची उडवली. पुरावा कशाला ठेवायचा.

चित्रपट संपला. अध्यक्षबाईंनी डोळे टिपले. ध्वनी शिकवणारे सर बेलार्मिनो यांनी डबा उघडलाही नव्हता. ते मोठे खडूस म्हणून प्रसिद्ध होते.

“आवाज कोणी घेतला?”

“मी, सर.”

“कुठे?”

“मामाच्या घरी. पाणी चढलं तेव्हा.”

रॉमेल आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“आणि ती ठकठक? सातव्या मिनिटापासूनची?”

“मीच, सर. पळीने पत्रा वाजवला.”

“थकत जाते ती. मधला खंड वाढत जातो. कसं सुचलं तुला हे?”

“म्हातारी थकते ना, सर.”

सरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आयझाने कोटाच्या बाह्या मागे सारल्या.

“एक चूक आहे,” ते म्हणाले. “म्हातारी पत्र्याच्या वर बसलीय. ठकठक खालून येते.”

“दुरुस्त करते, सर.”

“नको, हात लावू नकोस तिला.” सरांनी डबा पुढे ओढला. “इतकं प्रामाणिक काम वर्गात क्वचित ऐकायला मिळतं.”

प्रबंध मंजूर झाला, वर्गात सर्वांत जास्त गुणांनी. दाराबाहेर येताच रॉमेलने तिला गदागदा हलवलं. आईला फोन लावायचा म्हणून आयझाने खिशात हात घातला.

“आयझा तूच का?”

बाकावरून एक माणूस उठला. पायात चिखलाळलेल्या चपला, हातात शेंगदाण्यांची पिशवी. “मी जोव्हनचा बाप. रात्रभर बसमध्ये होतो, तरी पोचायला उशीरच झाला.”

रदबदली करायला आला असणार. आयझाने मान ताठ केली. “काका, आम्ही खूप वाट पाहिली. इतके संदेश टाकले, त्याने एकही…”

“पाहिले ना, पोरी. फोन चार्ज केला तसे एकामागून एक वर दिसायला लागले. त्याला कुलूप आहे, म्हणून उत्तर देता येईना. आजची तारीख त्यातच कळली.”

“तो कुठाय?” रॉमेलने विचारलं.

“आम्ही सगळे चर्चमध्ये जाऊन राहिलो होतो. आवाज घ्यायचाय म्हणून तो एकटा घरी थांबला. पाणी चढलं तसा माळ्यावर गेला असेल. पत्रा नवा होता, मीच पक्का ठोकून घेतलेला. गावात शिरायला आम्हाला सतरा दिवस लागले. पत्रा उचकटला तेव्हा सापडला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मनगटाला बांधला होता.”

त्याने शेंगदाण्यांची पिशवी आयझाच्या हातात दिली.

“नाव काढलंत त्याचं काही नाही. काम अर्धंच राहिलं त्याचं. पण गुरुवारी फोनवर दिसलं, आयझाच्या फोल्डरमध्ये फाइल आपोआप पोचली म्हणून. दोन दिवसांनी फोन कायमचा बंद पडला. दुकानदार म्हणतो, आत काही उरलं नाही. आता जे काय आहे ते तुझ्याकडेच.” त्याने आवाज खाली आणला. “त्याच्या आईला ऐकायचंय. आमच्या बोलीत काही बोललाय का गं तो त्यात?”