कोणाकडे शिकलीस?

"धार जमतेय. पण कोणाकडे शिकलीस ते एवढ्यात सांगू नकोस, माझी अब्रू जाईल!" रंध्याचं पातं उजेडाकडे धरून बाबा वर्षानुवर्षांचं तेच वाक्य बोलून हसले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

हौशी सुतारांच्या गटासाठी त्यांनी एकत्र मागवलेली नवी पाती महिन्याने घरी आली. प्रत्येक पात्याला स्वतः धार लावल्याशिवाय ते वाटत नसत. मीही धार न लावता एकही वाटलं नाही.

गटातल्या डॉक्टरकाकांनी नवं पातं बसवून तिथेच फळीवर रंधा फिरवला. कागदाहून पातळ छिलका वेटोळं घेत बाहेर आला. काका बघतच राहिले.

"पोरी, ही तर त्याचीच धार! पण पाती आली ती तो गेल्यावर..."

"मी लावलीय, काका." मग इतकी वर्षं न सांगितलेलं मी ताठ मानेने सांगून टाकलं, "बाबांनी शिकवलंय मला."